सरव्याची कणसं

लातूरहून निघाले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी होती, नवा चष्मा होता आणि एक भाषण होतं. ‘अन्न वाया घालवू नका’ हे भाषण मी हळदीकुंकवापासून बारशापर्यंत कुठेही देते. त्यामुळे हल्ली आमंत्रणं कमी येतात. लोह्याच्या पुढे आत्याचं गाव आहे. ज्वारीच्या काढणीला माणसं मिळेनात म्हणून तिने मला बोलावलं होतं. निघण्याआधी एक काम उरकलं. आमच्या शेवग्याची फांदी भिंतीबाहेर गेली होती आणि बाहेरच्या बाया शेंगा तोडून नेत होत्या. ती छाटायला एक माणूस सांगून ठेवला.

अहमदपूरला एसटी थांबली. शेजारच्या काकांनी कागदात थोडी भजी तशीच ठेवली. मी म्हटलं, “काका, देशात लोक उपाशी आहेत.”

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “मग खावा की ताई. तुमीबी लई उपाशी दिसून राहिल्या.”

खाल्ली. चांगली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कणसं खुडून झाली. लिंबाखाली भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा जेवून सगळे आडवे झाले. मला मात्र नव्या चष्म्यातून धसकटांमध्ये पडलेली कणसं दिसत होती. जिकडे पाहावं तिकडे कणीस! एवढं अन्न मातीत टाकून ही माणसं खुशाल घोरतायत म्हणजे काय! कंबर मोडेस्तोवर सगळं रान वेचलं आणि पोतं भरून लिंबाला टेकवलं. आता आत्या उठून माझी दृष्ट काढणार, अशी माझी खात्री होती.

ऊन उतरल्यावर गावातली गिरजाबाई आली. रानभर फिरली, पण तिची ओटी रिकामीच राहिली.

“आत्याबाई, रानात जनावरं सोडली व्हती का?”

आत्याने आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हाव. लातूरहून आलंय.”

मग मला कळलं. रानात पडलेली कणसं म्हणजे सरवा (काढणीनंतर मागे राहिलेलं पीक). मालकाने तो उचलायचा नसतो, तो वेचणाऱ्याचा. “आमी काय आंधळे हाव का? दिसत्यात की कणसं. सोडावी लागत्यात,” आत्या म्हणाली. गिरजाबाईला शेत नाही. नवरा अंथरुणाला खिळलेला. दर साली या रानाच्या सरव्यावर तिचं घर पावसाळ्यापर्यंत भाकरी खातं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोतं उचलून तिच्यापुढे ठेवलं. ती मागे सरली.

“न्हाई ताई. दिलेलं घेतलं की म्या मागणारी झाले. येचलेलं माझं असतंय.”

आणि ती वाटेला लागली.

“गिरजे, थांब!” आत्या ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बघतीस काय? येचलं तसं टाक.”

अन्न वाचवा म्हणणारी मी, पोतं काखेत मारून कणसं रानात फेकत सुटले. गिरजाबाई बांधावर आमच्याकडे पाठ करून तंबाखू मळत उभी राहिली. जणू तिला काही दिसतच नव्हतं. आत्या मात्र बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती. “तिथं लई दाट झालं! गळल्यावानी दिसू दे की जरा!”

पोतं रिकामं झालं. गिरजाबाई वळली आणि आत्ताच आल्यासारखी म्हणाली, “आगं बाई! औंदा लई गळलंय की!”

ती वाकली. मी मदतीला हात घातला, तर तिने तो बाजूला सारला. अंधार पडेस्तोवर वेचून, उरलेलं उद्यासाठी सोडून, ओटीचं ओझं सांभाळत ती गेली. मला इतका आनंद झाला की बांधावर बसून मी चक्क रडले.

निरोप देताना आत्या म्हणाली, “फुडल्या काढणीला ये. पन चष्मा घरी ठिवून ये.”

घरी पोचले तर फांदी छाटणारा माणूस कोयता घेऊन दारात हजर. त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. दुपारी भिंतीपलीकडे काठीची खुडबुड झाली. एक शेंग तुटल्याचा आवाज आला. मी चष्मा काढून ठेवला.