बांगड्या भरणारी अक्का

औरादच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या बाईला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. ती हाताकडं कधी बघायची नाही, आमच्या तोंडाकडं बघायची.

जुलाब थांबेनात म्हणून डॉक्टरांनी तिचा गहू बंद केला होता. अक्कानं पोळीबरोबर ज्वारीची भाकरीही सोडली. पीठ ते पीठच, असं तिनं ठरवून टाकलं. नुसत्या भातावर राहिली, अंगातलं सत्त्व गेलं आणि बोटं बधिर झाली. धरलेला हात कळेना, तेव्हा दुखणं तोंडावरनं ओळखायला लागली. कुणी ओठ आवळला की बांगडी तिथंच थांबायची.

पुढं इंजेक्शनं झाली, भाकरी परत सुरू झाली, बोटांना कळायला लागलं. बघायची सवय तेवढी राहिली.

माझ्या लग्नाचा चुडा भरायला तीच आली. भरता भरता मध्येच थांबली.

“दुखायलंय का गं?”

“न्हाई, अक्का.”

बांगडी तर सैलच होती. अक्का बघत राहिली. मग माझी मूठ दोन्ही हातांत धरून हळूच म्हणाली, “हे बांगडीचं न्हाई, बाई. आईला बोलवू का?”

आता सासरच्या गावातला दुकानदार बांगड्या चांगल्या भरतो. पण तो हाताकडं बघतो.