यिर्मयाची चिकटलेली पाने

गुरुवार, १४ मार्च. दूध उशिरा आले. डोळ्यांचे थेंब संपले, आणायला सांगितले. भाऊजींच्या कारखान्यात आज मशीन बघायला छापखानेवाले येणार. धाकटी जाऊ सकाळीच येऊन सांगून गेली, “ताई, तुम्ही फक्त बसून राहा. मला धीर येतो.”

रोजनिशीत एवढे लिहिले आणि निघाले. पुढचे सविस्तर लिहायला हवे, चार ओळींत ते बसणार नाही.

माझी धाकटी जाऊ आणि दीर पुस्तकबांधणी करतात. रस्त्यालगतची लांबट खोली, खिडकीशी शिवणाचे टेबल, मधोमध कागद कापायचे मशीन, आणि सगळ्याला पुस्तके चिकटवायच्या सरेसचा वास. गल्लीत तिला ‘सरेसकाकू’ म्हणतात. एकदा धरले की सोडत नाही म्हणून.

चर्चमधली फाटकी बायबले तिच्याकडेच येतात. ती उसवता उसवता तिच्या लक्षात आले, की स्तोत्रांची पाने बोटे लागून काळवंडलेली, शुभवर्तमानांची झिजलेली. पण यशया, दानीएल, जखऱ्या, प्रकटीकरण ही भविष्यवाणीची पुस्तके मात्र दुकानातून आणल्यासारखी पांढरी. मला म्हणाली, “घरच्या माणसाने एवढं लांब पत्र पाठवलं, तर शेवटची पानं न वाचताच घडी घालायची का?” आणि तिने स्वतःच्या घरात गुरुवारचा वर्ग सुरू केला. नियम एकच: अध्याय अख्खा वाचायचा, मोठ्याने, आणि संपेपर्यंत कुणी मत द्यायचे नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. सिस्टरांनी शुभवर्तमान तोंडपाठ करून घेतले, पण प्रकटीकरण म्हणजे पशू, शिंगे आणि आग, एवढेच मला ठाऊक होते. यजमान गेले त्या वर्षी धाकटीने मला हाताला धरून त्या पानांतून नेले. देवाने आधी काय सांगितले आणि नंतर ते कसे घडले, हे ओळीने वाचत गेले, की जे अजून घडायचे आहे त्याची वाट पाहायला बळ येते. मला आले. यजमानांच्या कबरीपाशी मी आता रडत नाही असे नाही, पण आशेने उभी राहते.

दीर मात्र वर्गाला कधी बसले नाहीत. “तुझा अभ्यास, माझी बांधणी,” म्हणायचे. अशा माणसाला बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने चार सभांत गुंडाळले. जगाचा शेवट याच वर्षी, तारीखसुद्धा काढलेली! दिरांनी ठरवले, कारखाना विकायचा आणि त्याच्यामागे पत्रके वाटत फिरायचे. जिचा सारा जन्म त्या खोलीत गेला, तिला विचारलेसुद्धा नाही.

मी पोहोचले तेव्हा छापखानेवाले टेप लावून मशीन मोजत होते.

“वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका,” दीर मला बघताच म्हणाले. “इतकी वर्षं हिने भविष्यवाणी शिकवली, आणि आता ती पूर्ण व्हायला आली तर हीच आडवी येतेय!”

“मी कुठे आडवी येतेय?” धाकटी शिवणावरून मान वर न करता म्हणाली. “विका की. पण आधी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचा. अख्खा. मोठ्याने.”

“पाहुण्यांसमोर?”

“माझी काही घाई नाही,” छापखानेवाले म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

दिरांनी फळीवरून आपले बायबल काढले. त्यांनी स्वतः बांधलेले, स्वतः सोनेरी कडा चढवलेले. उघडायला गेले तर पाने वेगळी होईनात. कडेचा सोनेरी मुलामा पहिल्या दिवसाइतकाच घट्ट, पान पानाला चिकटलेले.

छापखानेवाल्यांना हसू आवरेना. “अहो, मशीन राहू द्या, हे पुस्तकच विका मला. नवं कोरं आहे!”

दिरांचे कान लाल झाले. धाकटीने कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी पुढे केली. त्यांनी एकेक पान हलकेच सोडवले. करकर आवाज होत होता. मग वाचू लागले.

शहराला शत्रूचा वेढा पडलेला. शहर पडणार हे सांगितले म्हणून यिर्मया कैदेत. आणि नेमके तेव्हाच देव त्याला सांगतो, चुलतभावाचे शेत विकत घे. तो घेतो. साक्षीदार बसवतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात घालायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. कारण या देशात पुन्हा घरे आणि शेते विकत घेतली जातील.

वाचताना दिरांचा आवाज खाली येत गेला. अध्याय संपला तरी बोट तिथेच.

“शहर पडणार हे माहीत असून शेत घेतलं?”

“त्याला पडल्यानंतरचंही माहीत होतं,” धाकटी म्हणाली.

“पण ती तारीख...”

“तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं खुद्द प्रभू म्हणाला. तुमच्या उपदेशकाला वेगळा निरोप आलाय का? प्रभू येणार, यात मला शंका नाही. पण येईल तेव्हा मी शिवत असले तर काय बिघडलं?”

दिरांनी बोट काढून पुस्तक मिटले. छापखानेवाल्यांनी टेप गुंडाळली. “मग मशीनचं काय ठरलं?”

दिरांनी मशीनच्या पात्यावरून अंगठा फिरवला. “बोथट झालंय हो. असलं पातं कुणाच्या गळ्यात मारू? आधी धार लावून आणतो.”

“आणि मग?” धाकटीने विचारले.

“मग काय! शाळेची पुस्तकं पडलीत की ढीगभर.”

ती पुन्हा शिवायला लागली, पण सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला. आमच्या घराण्यात शिकलेले पुष्कळ झाले, पण ही माझी जाऊ, हे सांगताना माझी मान जशी ताठ होते तशी कुणासाठी होत नाही.

संध्याकाळी वर्गाला दीर आले. दाराजवळ बसले, पुस्तक मांडीवर, हाडाची पट्टी खिशात. पुढची पाने सोडवायची होती.

घरी येऊन रोजनिशीत लिहिले: मशीनचे पाते धारेला गेले. माझी भाजीची सुरीही त्याच्याबरोबर पाठवली.