डोळे मिटल्यावर दिसणारी ज्योत

आमच्या देवळाली प्रवऱ्यात दर गुरुवारी आम्ही बायका दत्ताच्या देवळात आरतीआधी जपाला बसतो. मी वर्षानुवर्षं बसतेय, आणि मला कधीच काही दिसलं नाही. कुणाला अष्टगंधाचा वास येतो, कुणाच्या स्वप्नात पादुका येतात. मला गुडघेदुखीखेरीज काही प्राप्त झालं नाही. डोळे मिटले की समोर मिट्ट काळोख, आणि मनात गॅसवर ठेवून आलेलं दूध. मी तोंडानं फटकळ आहे, वरवर हसण्यावारी न्यायचे. पण आतून वाईट वाटायचं. महाराजांच्या दारात मला कुणी ओळखतच नाही की काय, असं वाटून घरी येताना डोळे भरायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी लेकानं उसातल्या ठिबकची मोटर चालू केली, तेव्हा मी पाईपच्या टोकाशी वाकून उभी होते. माझं तिथं काही काम नव्हतं, पण जिथंतिथं नाक खुपसायची सवय. पाण्याच्या दाबानं टोकाचं बूच उडालं आणि थेट उजव्या डोळ्यावर बसलं. डोळा सुजून बंद झाला. नगरच्या डॉक्टरांनी थेंब घालून आत पाहिलं. म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याला मुका मार बसलाय, सूज आहे. ती आपोआप उतरेल, पण लक्ष ठेवावं लागेल, कारण मार लागलेला पडदा पुढं कधीतरी फाटू शकतो. विजेसारखं चमकलं, काजळीचे ठिपके तरंगले किंवा बाजूनं सावली आली, तर त्याच दिवशी या. पुढच्या तपासणीची तारीखही त्यांनी दिली.

सूज उतरली, दिसायला लागलं, आणि मी निर्धास्त झाले. तपासणीचा दिवस नेमका गुरुवारी आला. मी लेकाला म्हटलं, "गुरुवारी मी देऊळ सोडून कुठं जात नाही. नंतर बघू." तो तापट बापाचा शांत मुलगा, एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, मग नाद सोडला. त्याच गुरुवारी जप संपताना मी गाभाऱ्यासमोर डोकं टेकलं, आणि मिटल्या डोळ्यांपुढं कडेला उजेड उमटला. निरांजनाची ज्योत कुणी हळूच फिरवावी तसा. क्षणभर आला आणि गेला. मी तिथंच रडायला लागले. बायकांनी विचारलं, तर सांगून टाकलं, "मला ज्योत दिसली."

मग काय विचारता. दर गुरुवारी मला पुढं बसवायला लागले. पोरीबाळी पाया पडायच्या. मी नको नको म्हणायचे, पण आवडायचं, खोटं कशाला बोलू. डोकं टेकलं, मान वळवली की ज्योत यायची. डॉक्टरांचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. पण ते विजेसारखं म्हणाले होते, आणि ही तर इतकी मवाळ. इतकी वर्षं दार ठोठावल्यावर ते उघडलं, आणि मी म्हणू की हे दुखणं आहे? माझी हिंमतच झाली नाही. डोळ्याचं नावही मी घरात काढेनाशी झाले.

एका गुरुवारी शेवटच्या ओळीत एक परकी बाई येऊन बसली. वयानं माझ्याएवढी, काळा चष्मा, पायरीवर काढलेल्या चपलेला तारेचा टाका. आरती झाल्यावर बायका नेहमीसारख्या ज्योतीचं विचारत होत्या. ती ऐकत होती. सगळ्या पांगल्यावर माझ्याजवळ आली.

"ताई, डोळ्याला काय लागलं हुतं का तुमच्या?"

"व्हय. पण ते बरं झालं."

"मलाबी असंच चमकायचं. म्हशीनं शिंग मारलं हुतं. मी म्हनलं, पित्त असंल. मंग माशा उडाय लागल्या, मंग पडदाच पडला." तिनं चष्मा वर केला. एक डोळा उघडा होता, पण त्यात नजर नव्हती. "आमच्यात सांगनारं कुनी न्हवतं. तुमी लगेच दाखवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही कोण कुठली, आणि माझ्या ज्योतीला आजार म्हणते. "देवाच्या दारात असं बोलू नये," एवढं फटकारून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंधाऱ्या खोलीत पिपातून ज्वारी काढत होते. मनात देव नव्हता, सुनेवरचा राग होता. मी झटकन मान वळवली, आणि ज्योत आली. तशीच मवाळ, त्याच उजव्या कडेला. मी पुन्हा मान वळवली, मुद्दाम, नाव न घेता. पुन्हा आली. डावा डोळा झाकून दारातून उजेडाकडं पाहिलं, तर काजळीसारखे ठिपके तरंगत होते. मी ज्वारीच्या पिपाला टेकून खाली बसले. डोळा जाईल याची भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते एवढंच, की म्हणजे महाराज आलेच नव्हते.

लेकाला सगळं सांगितलं, तशी त्यानं लगेच गाडी काढली. डॉक्टरांनी पडद्याच्या कडेला फाट दाखवली. आणखी थांबला असतात तर सगळा पडदा सुटला असता, म्हणाले. त्याच दिवशी लेझरनं फाटीभोवती डाग देऊन ती बांधून टाकली. पुढं तपासण्या होत राहिल्या, आणि पडदा धरून राहिला. पहिल्या मारानं मधोमध मात्र अजून धुरकट दिसतं. मूर्तीकडं उजव्या डोळ्यानं पाहिलं तर हात दिसतात, चेहरा दिसत नाही. तेवढं आता राहणार.

हळूहळू चमकणंही थांबलं. मी बायकांना खरं काय ते सांगितलं. एक म्हणाली, "काकू, हातची ज्योत घालवली तुम्ही." ते लागलं मला. आता कुणी पुढं बसा म्हणत नाही, मीही शेवटच्या ओळीत बसते. त्या बाईची पुष्कळ चौकशी केली. संगमनेरकडची असावी, कुणाकडं तरी पाहुणी आली होती, एवढंच कळलं. दोघीतिघी म्हणाल्या, महाराजच त्या रूपात आले. मी तसं म्हणत नाही. ती बाईच होती, आणि तिचा डोळा खरंच गेला होता. तिला वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नाही, मला ती भेटली, आणि मी तिला फटकारलं. हे असं का, ते मला कळत नाही. रोज तिच्यासाठी हात जोडते, त्याहून जास्त काही सुचत नाही.

एवढं खरं, की मी मागत होते ते महाराजांनी दिलं नाही, आणि मागायचं सुचलं नव्हतं ते राखलं. पुढची तपासणी पुन्हा गुरुवारीच आलीय. या खेपेला मी देवळाला नाही म्हटलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी देवासमोर बसून एकेक डोळा झाकून बघते, ठिपके नाहीत ना, सावली नाही ना. मग दोन्ही मिटून मान वळवते. ज्योत दिसावी म्हणून मी आयुष्यभर डोळे मिटले. आता काळोख दिसावा म्हणून मिटते, आणि दिसला की डोकं टेकते.