पोह्यांआधी पाळणा

मुलगी बघायला गेलो त्या दिवशी पणदऱ्याची जत्रा होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी गेलोच असतो. मी मूळचा साताऱ्याकडचा, इंदापुरात मास्तर म्हणून नुकताच रुजू झालेला. जत्रा म्हणजे रेवड्या, धूळ आणि कुस्त्या, एवढीच माझी समज.

मुलीच्या वडिलांना सगळं गाव तात्या म्हणे. ऊस होता, दावणीला म्हशी होत्या, कारखान्याचे ते सभासद होते. पण त्यांची खरी ओळख वेगळीच होती. तात्या रहाटपाळण्याचे भक्त होते. लाकडी चाकाला चार पाळणे टांगलेले आणि खाली उभे राहून गडी ते हातानं फिरवणार, असा तो साधा पाळणा. चैत्र लागला की तो गावोगावच्या जत्रांना जाई आणि त्याच्या मागोमाग तात्या आणि त्यांच्या वयाची चार-सहा मंडळी. आज वरकुटे, उद्या सांगवी. उसाला पाणी कोण देतं, म्हशींच्या धारा कोण काढतं, याची चौकशी त्या दिवसांत तात्यांकडे करण्यात अर्थ नसे.

मंडळींचे नियम मोठे कडक. पाळण्यात ओरडायचं नाही. ओरडतात ते नुसते जत्रेला आलेले लोक. हात गुडघ्यांवर ठेवायचे. पटका घरूनच आवळून बांधायचा. मोर काढलेला पाळणा सगळ्यांत चांगला, कारण तो म्हणे वर गेल्यावर किंचित थांबतो. वरून कारखान्याचं धुराडं दिसलं तर जत्रा चांगली, नाही तर बेताची. त्या वर्षी मालकानं मोराला नवा रंग दिला होता, त्यामुळे मंडळी सुतकात बसल्यासारखी बसली होती. पाळण्यात आता पहिल्यासारखं राहिलं नाही, असं त्यातला एक जण मला कळवळून सांगत होता. मग बसता कशाला, असं मी विचारलं. चपला घालून देवळात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

माझ्याबरोबर आलेले मामा बोलघेवडे. सोयरीक जुळावी म्हणून त्यांनी आधीच ठोकून दिलं होतं की आमच्या भाच्यालाही पाळण्याचं भारी वेड. मी आयुष्यात पाळण्यात झोपलो होतो तो बारशाला.

घरी पोचल्यावर पाय धुवायला पाणी दिलं ते मुलीनंच. तिनं मान वर करून एकदा सरळ माझ्याकडे बघितलं आणि मला ती आवडली. फार आवडली. म्हणून तात्यांनी पोहे नंतर, आधी पाळणा, असं फर्मान काढलं तेव्हा माझ्या तोंडून नाही निघेना. त्या घरात जावयाची पारख पाळण्यात होते आणि आधीची काही स्थळं तिथंच नापास झालीत, हे मला मागाहून कळलं.

तात्यांनी मला मोराच्या पाळण्यात स्वतःशेजारी बसवलं. वेड आहे म्हटल्यावर एका खेळावर भागेना. खेळ संपला की तात्या गड्यांना पुन्हा फिरवा म्हणून खूण करत. दर फेरीला ते धुराडं दिसलं का विचारत आणि मी डोळे गच्च मिटून व्हय म्हणे. शेवटी पोटात होतं नव्हतं ते सगळं मोराच्या नव्या रंगावर आलं. त्या रंगावर नाराज असलेल्यांनाही ते आवडलं नाही.

मला उचलूनच घरी आणलं आणि ओसरीवर बाजेवर निजवलं. मामा तोंड लपवायला जत्रेत निघून गेले. मी डोळे मिटून पडलो होतो. झोप लागली असं समजून तात्या दारात उभे राहून आतल्या मायलेकींना सांगू लागले की हे स्थळ काही आपल्या कामाचं नाही, संध्याकाळी नारळ देऊन वाटेला लावू. हे ऐकून मला जे झालं ते पाळण्यातल्यापेक्षा वाईट होतं.

आतून मुलीचा आवाज आला. "तात्या, ह्येच चालत्याल मला."

"आगं, त्याला चक्कर येती."

"व्हय. म्हंजे घरी ऱ्हात्याल."

मुलीची आई दिवसभर कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. ती आता सावकाश म्हणाली, "आन लगीन सांगवीच्या जत्रंदिशीच धरा."

सांगवीची जत्रा म्हणजे मंडळींच्या लेखी सगळ्यांत मोठी. तात्यांनी ब्राह्मणाला गाठून दुसरा मुहूर्त निघतो का ते पाहिलं, म्हणे. पण मायलेकी हटल्या नाहीत.

लग्नाला त्यांच्या मंडळींपैकी कुणी फिरकलं नाही. तात्या एकटेच नवा पटका बांधून, हात गुडघ्यांवर ठेवून मांडवात बसले होते. मुलीची पाठवणी करताना ते इतके रडले की वऱ्हाड चाट पडलं. सांगवीचा पाळणा चुकला म्हणून म्हातारा रडतोय, असं त्यांचे भाऊबंदच म्हणत होते. तसं नसेलच, असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. बायकोला मी एकदा तसं बोलून दाखवलं, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.