शेंदराखालचा दोर

कोठीची यादी मी दर अमावास्येला नव्याने करते. डाळी, सरकी, ढेप, एरंडेल, घासलेट, नांगराचे फाळ, आणि सगळ्यांत शेवटी तारेचा दोर. पाहुण्या बायका हसतात, दोर बाईच्या यादीत कशाला म्हणून. दोराला तेल लागतं आणि तेल माझ्या कुलपात असतं, एवढंच त्याचं कारण.

आमचा पहिला तारेचा दोर कारंज्याच्या एका जिनिंगमधून, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, आला. तिथे जुना म्हणून काढून टाकला होता, पण विहिरीच्या कामाला चांगला होता. विहिरीत माणूस सोडायला आणि गाळ, दगड वर ओढायला आमच्याकडे यारी आहे. लाकडी चौकट, वर कप्पी, खाली हातांनी फिरवायचा रहाट. यारीला आधी अंबाडीचा जाड नाडा होता, तो दर दोन-तीन वर्षांनी कुजायचा. तारेचा दोर कुजत नाही म्हणून सगळे खूश होते. पण तो गंजतो. बारीक पोलादी तारांचे पीळ, ते एकमेकांत वळलेले आणि अगदी मधे तागाची दोरी, अशी त्याची घडण. वरून कितीही चकचकीत केला तरी आतल्या तागापर्यंत तेल गेलं नाही, तर पाणी तिथे मुरून बसतं. म्हणून काम झालं की दोर कोरड्या फडक्याने पुसायचा, उन्हात वाळवायचा आणि कोमट एरंडेल चिंधीने पिळात जिरवायचं. पहिली काही वर्षं मी हे नेमाने केलं.

मग शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत एक माणूस गाळ काढायला उतरला तो जिवंत वर आला नाही. खालची हवा वाईट होती असं पुढे कळलं. पण आमच्याकडे विहिरीत आसरा असतात. पाण्यातल्या बाया त्या. मनात आलं की माणूस ठेवून घेतात. माझे धाकटे दीर आमच्या विहिरीत नेहमी सगळ्यांच्या आधी उतरायचे. त्या वर्षी ते उतरायच्या आधी सासूबाईंनी आसरांच्या दगडाला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर दोराला लावला. दीर सुखरूप वर आले. गावात ही गोष्ट पसरली. यारी मागून नेणारा जो तो आपल्या घरचा शेंदूर दोराला लावू लागला. शेंदूर लागला की वस्तू देवाची होते. मग ती चिंधीने खसाखसा पुसायची नाही, तिला घासलेट लावायचं नाही. मी वरून तेल सोडत राहिले, ते वरच राहत असे. दोर वर्षागणिक जाड, गुळगुळीत आणि लालभडक होत गेला. दिसायला इतका धडधाकट दोर साऱ्या तालुक्यात नसेल.

लढाईच्या दिवसांतला तो उन्हाळा. लोखंडाचा खिळा मिळत नव्हता, तर दुसरा दोर कुठून मिळणार? विहीर तळाला गेली होती, गुरांचे हाल होते, आणि मृगाच्या आधी गाळ काढायलाच हवा होता. आमचे हे कचेरीच्या कामाला वाशीमला होते. शुक्रवारी दीर उतरणार असं ठरलं.

गुरुवारी दुपारी मी यारीचं सामान तपासायला गोठ्यात गेले. गुरं बाहेर लिंबाखाली होती. आत उन्हाची एक तिरीप सोडली तर अंधारच. दोर खुंटीवर होता आणि त्याच्याखाली सारवलेल्या जमिनीवर लाल ठिपके पडले होते. मी पाहत असतानाच आणखी एक थेंब पडला. उन्हाने शेंदरातलं तेल पातळ झालंय, हे मला लगेच कळलं. तरी मी दारातच उभी राहिले. मग आवाज आला. टिच्. काचेची बांगडी पिचावी इतका बारीक. मी मागे पाहिलं. कोणी नव्हतं. वारा नव्हता. दोराला कोणी हात लावला नव्हता, त्याच्यावर कसलाही भार नव्हता. बऱ्याच वेळाने पुन्हा, टिच्.

मी पुढे होऊन दोरावरून हात फिरवला. शेंदूर कोमट होता, अंगासारखा. बोटाला काहीतरी टोचलं. हात उजेडात धरला तर सगळा लाल. त्यात माझं रक्त कोणतं आणि शेंदूर कोणता, ते कळेना.

मी सरळ सासूबाईंकडे गेले. त्या ओसरीवर सरकी निवडत होत्या.

"आत्याबाई, दोराच्या तारा आतून तुटून राह्यल्या. शेंदूर काढून पाह्यल्याबिगर भाऊजींले उतरवू नका."

त्यांनी वर पाहिलं नाही. "शेंदूर काहाडतेस?"

"घासलेटानं धुते. आत काय हाये ते दिसन तरी."

"आन् माह्या लेकराले खाली नेलं तं? आजवर कोनं सांबाळलं त्याले? तुह्या एरंडेलानं?"

दीर तिथेच पायांवर पाणी घेत होते. त्यांना सगळ्याची चेष्टा. "वयनी, आसरा मले नेऊन करतीन काय? दोन भाकरीत पोट नाई भरत माह्यं. दुसऱ्या दिशी वापस आनून टाकतीन."

"भाऊजी, हसू नका. बोट पाहा माह्यं."

"पाह्यलं. कोठीच्या मालकिनीले दोर चावला." मग आईकडे पाहून हळूच म्हणाले, "आईचं मन मोडून उतरलो तं खाली माह्येच पाय लटपटतीन. शेंदूर राहू द्या."

तेव्हा मी एक मागणं मागितलं. शेंदराला हात लावत नाही, पण माणसाच्या आधी माणसाच्या वजनाचे दगड उतरवायचे. सासूबाईंनी थोडा विचार केला. दगड देवालाही चालतात म्हणाल्या.

सकाळी विहिरीवर यारी उभी राहिली. सासूबाईंनी नारळ फोडला आणि दोराला नवा शेंदूर लावला. रहाटावर दोन गडी होते. मी लोखंडी डोलात, गाळाच्या मोठ्या बादलीत, दगड भरून घेतले, दिरांच्या अंगापेक्षा थोडे जास्तच. डोल खाली गेला, तळाला टेकला, वर आला. दोराला काही झालं नाही.

"झालं समाधान?" दीर म्हणाले. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि दगड काढायला वाकले.

"अजून एक डाव," मी म्हटलं.

एक गडी कुरकुरला, "बाई, दगडांचंच लगन लावता काय आज?"

"लाव. वऱ्हाडी तूच."

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या विहिरीत पाहत होत्या. दीर काठावर बसले, पाय आत सोडून. डोल पुन्हा खाली निघाला.

अर्ध्यावर गेल्यावर दोर वाजू लागला. आधी ते मला माझ्याच कानात वाटलं. बाई तोंड मिटून गुणगुणते तसा आवाज, आणि तो वरून नाही, विहिरीतून येत होता. गड्यांचे हात थांबले. हात थांबल्यावर आवाज थांबायला हवा होता. तो थांबला नाही, चढत गेला. मग टिच् टिच् टिच् असं झालं, आणि दोर तुटला. वरचं टोक उसळून कप्पीवर आपटलं आणि आम्हा सगळ्यांवर लाल शिंतोडे उडाले. दीर मागे कलंडले. खालून धप्प असा एकच आवाज आला आणि सगळं शांत झालं. जितकं असायला हवं त्याहून जास्त शांत. लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प होते.

सासूबाई म्हणाल्या, "घेतलं तिनं तिचं."

आणि त्यांनी विहिरीला हात जोडले. त्यांच्या दृष्टीने शेंदूर कामी आला होता, लेकराच्या जागी दगड गेले होते. मी तुटलेलं टोक हातात घेतलं. वरून तो ताजा लाल. आत ताग नव्हताच. त्या जागी काळा, ओला भुगा होता, आणि तारा बोटांनी मोडत होत्या, वाळल्या काडीसारख्या. मी ते टोक सासूबाईंसमोर धरलं. त्यांनी पाहिलं आणि पदराने माझ्या गालावरचा शेंदूर पुसला. वाद कशावर घालायचा? लेक काठावर जिवंत बसला होता.

निरोप गेल्यावर आमचे हे वाशीमहून कुठूनतरी दुसरा दोर मिळवून घेऊन आले. वापरलेलाच होता, पण आतून कोरडा. ह्या वेळी सासूबाईंनीच सांगितलं, शेंदराचं बोट फक्त डोल अडकवायच्या आकड्याला लावायचं, दोराला नाही. दोरावरून मी कापसाचा बोळा टोकापासून टोकापर्यंत फिरवला. तुटकी तार असेल तिथे कापूस अडकतो. कुठे अडकला नाही. दोनदा दगड गेले, मग दीर गेले.

ते खाली बराच वेळ होते. हाक मारली की "ओ" देत, पण चेष्टा एकही नाही. वर आल्यावर त्यांनी पाय धुतले, आईच्या पाया पडले, आणि मी दोर पुसत होते तिथे येऊन बसले.

"वयनी, तुटलेला दोर खाली पडून हाये."

"तिथंच पडला व्हता. काहाडा उद्या."

"पडलेला नाई. गुंडाळून ठेवलेला हाये. गोल. एकावर एक वेटोळं. बाजूले डोल उभा, आन् दगड त्याच्यात जसेच्या तसे."

मी सांगितलं की तार वर्षानुवर्षं खुंटीवर गोल टांगलेली असते, मोकळी पडली की तीच घडी घेते. डोल जड बुडाचा, चिखलात उभा राहिला असेल. हे खरंच आहे. आजही मी हेच सांगेन.

"व्हय," ते म्हणाले. "तसंच असन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दोर वर काढू दिला नाही. गाळाबरोबर तो तळात कुठे गेला ते कोणी पाहिलं नाही. पाणी चांगलं लागलं, गुरं जगली.

तेव्हापासून दोराचं तेलपाणी दीरच करतात. मला करू देत नाहीत, गड्यांना तर नाहीच. माझ्याकडून एरंडेल मोजून नेतात, कोमट करतात आणि भर दुपारी गोठ्यात एकटे बसून दोर पुसतात. मी कधी दारातून डोकावते. विहिरीत उतरतं ते टोक ते आधी घेतात. तिथे चिंधी फिरवताना त्यांचे ओठ हलतात. काय बोलतात, ते मी अजून विचारलेलं नाही.