बग्गी माझ्याकडं, रिमोट दादाकडं

मंडळी, मामांनी सौदीहून आणलेली आमची लहानपणीची रिमोटची बग्गी मी कळंबला चकरा मारून दुरुस्त केली. पण मागं घराच्या वाटणीत रिमोट दादाकडं गेला, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद हाय.

आज सकाळी शेवटी त्याच्या दारात गेलो. त्यानं रिमोट संध्याकाळपर्यंत म्हणून आणून दिला, पण आत ये, बस म्हणाला नाही. एवढंच बोलला, "डावीकडं लई वढती, ध्यानात ठेव."

चाकाचा वाकडा दांडा बदलून तो दोष मी कधीच काढला होता. तरी अंगणात बग्गी उजवीकडंच वळायली. बघितलं तर रिमोटवर चाकांची दिशा जुळवायची चकती हाय. गाडी सरळ पळावी म्हणून दादानं लहानपणी ती उजवीकडं फिरवली होती. अजून तशीच होती.

ती मधोमध आणली की झालं, पण हात धजंना.

संध्याकाळी रिमोट परत द्यायचाय. गाडी कशी पळती विचारलं, तर काय सांगू त्याला?