दोघांनी ओढायचा दोरा

माझ्या ताईच्या नवऱ्याला मी कधी आवडले नाही आणि तेही मला आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल एखादं बरं वाक्य बोलले तर ते मनापासून आहे हे कळेल.

भाऊजी घोड्यांचं सामान करायचे. खोगीर, लगाम, तंग, पाय अडकवायच्या रिकिबीचे पट्टे, सगळं हातानं. मी पडदे शिवते, मशीनवर. माझं काम बघून ते म्हणायचे, "धाकटे, तुझ्या शिवणीत एक दोरा तुटला की सगळी शिवण उसवते. माझा एक टाका तुटला तर शेजारचे टाके त्याचं ओझं घेतात." म्हणणं खरं होतं. पण खरं बोलताना समोरच्याला कमीपणा आलाच पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली बाक, भिंतीवर खिळ्यांना कातडं कापायच्या रापी, भोकं पाडायच्या आऱ्या, लाकडी हातोडे, आणि कोपऱ्यात लोकरीची पोती. ताईचं काम दोऱ्याला मेण लावायचं आणि चहा आणून द्यायचा. तिच्या केसांना, अंथरुणाला, रुमालालासुद्धा चामड्याचा आणि तेलाचा वास यायचा, पण इतक्या वर्षांत तिनं आरी हातात धरली नव्हती. मी एकदा म्हटलं, हिला शिकवा की. घरात मूलबाळ नाही, दिवसभर करायचं काय तिनं? भाऊजी हसले. "बाईच्या हाताला ओढ नसते," म्हणाले. ताईनं हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं, एवढंच.

मग भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं, पण एकेक शब्द ओझं उचलल्यासारखा यायचा. दवाखान्यातून घरी आणल्यावर ते आतल्या खोलीत छताकडे बघत पडून राहायचे. भरवायला गेलं की तोंड मिटून घ्यायचे. डॉक्टर ताईला म्हणाले, "जगायची इच्छा राहिली तर हा माणूस पुष्कळ वर्षं काढेल. नाही राहिली तर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही." ताईनं ते वाक्य उराशी बांधून घेतलं. माझ्या मते जे झालं ते सगळं तिथून सुरू झालं.

खोगिराचा टाका दोन सुयांचा असतो. एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया. आरीनं भोक पाडायचं, त्याच भोकातून एक सुई इकडून आणि दुसरी तिकडून घालायची, आणि दोन्ही हात पसरून एका दमात ओढायचं. दोन्ही हातांची ओढ सारखी लागते. भाऊजींकडे आता एकच हात होता.

एका सकाळी ताईनं त्यांना काखेत धरून उठवलं, अर्धवट ओढत, अर्धवट उचलत दुकानात आणलं आणि खुर्चीत बसवलं. चामडं पकडायचा लाकडी चिमटा एरवी गुडघ्यांत धरतात, तो तिनं बाकाला दोरीनं आवळून बांधला आणि त्याच्या पलीकडे स्वतः बसली. "तुमचा डावा, माझा उजवा," ती म्हणाली. "आता सांगा काय करू."

भाऊजींनी डाव्या हातानं चिमट्याची दोरी ओढून बघितली. मग म्हणाले, "आधी आरी नीट धर."

शिकवायला ते वाईट होते. चांगलं झालं तर गप्प, बिघडलं तर जिभेचा चटका. आरी तिरकी गेली की समोरून शिवण सरळ दिसते आणि मागून दारुड्याच्या चालीनं जाते. म्हणून प्रत्येक तुकड्याची ते आधी मागची बाजू मागायचे. आरी लागून लागून ताईच्या बोटांना चिंध्या बांधाव्या लागल्या. एकदा तिनं हौसेनं अगदी बारीक, दाट टाके घातले, बघून कोणीही वाहवा केली असती. भाऊजींनी तिच्याच हातानं ते सगळे कापायला लावले. "इतकी भोकं पाडलीस तर कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटेल. घोड्याला नक्षी नको, पट्टा हवा." खोगिरात लोकर भरायला शिकायला तर तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी चेष्टेनं म्हटलं, "ताई, आम्ही निरुपयोगी गोष्टीला खोगीरभरती म्हणतो, आणि तू त्यात शिक्षण घेतेयस?" ती हसली नाही. "लोकरीची एक गाठ राहिली तर घोड्याच्या पाठीला जखम होते," म्हणाली. "म्हणणाऱ्यांनी कधी भरून बघितलं नसेल."

पण भाऊजी जेवायला लागले. सकाळी स्वतःहून हाक मारायचे, "अगं, मला उचल." इतक्या वर्षांच्या संसारात मी त्या दोघांना एकमेकांशी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलणं काय, तर "ओढ." "ओढली." "अजून." "तुटेल की हो." "तुटत नाही, ओढ." पण याहून कमी भांडवलावर संसार करणारी माणसं मी पाहिली आहेत.

गावाबाहेरच्या तबेल्याचं काम पुन्हा सुरू झालं. सामान न्यायला तिथली घोडी वळवणारी पोरगी यायची. कोवळी, अडदांड घोडी माणसाळवायचं तिचं काम. वयानं विशीची, अंगानं काडी, आणि गल्लीच्या तोंडापासून शिट्टी वाजवत यायची, म्हणून आम्ही तिला शिट्टीच म्हणायचो. उंबऱ्यावर बसून चहा प्यायची आणि ताईला सांगायची, "काकू, तुमच्या हातचं खोगीर घातलं की घोडं कमी चिडतं." ताई लाजायची. माझी ताई, या वयात, लाजायची.

उन्हाळ्याच्या शेवटी ताई एका दुपारी माझ्याकडे आली आणि मशीनशेजारी उभी राहिली. "त्यांची ओढ कमी झालीय," म्हणाली.

"म्हणजे?"

"दोऱ्यातून कळतं गं. पलीकडून जोर येतच नाही. मी नेहमीसारखं ओढलं की दोरा त्यांच्या बोटांतून निसटतो. काल दोनदा निसटला. ते बोटांकडे बघत राहिले. रात्री जेवले नाहीत."

डाव्या हातातलंही बळ चाललं होतं. डॉक्टरांना ते पुढे कळलं, ताईला आधी. मी विचारलं, मग आता काय करणार? ती म्हणाली, "करतेच आहे. त्यांना पेलेल तेवढंच ओढते."

मी तिच्याबरोबर दुकानात गेले. बाकावर एक लगाम पडला होता. तिनं शिवणीवर हातोडा मारून, मेण घासून ती अशी चोपून बसवली होती की दिसायला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी नख घातलं. नख टाक्याखाली सहज गेलं.

"ताई, हे ढिलं आहे."

"माहीत आहे."

"ढिल्या शिवणीत कातड्याचे थर एकमेकांवर घासतात. दोरा कापला जातो. हे मला पडदेवालीला कळतं."

"हळू बोल," ती आतल्या खोलीकडे बघत म्हणाली. "लगाम-बिगाम चालून जाईल. ज्याच्यावर भार येतो ते मी दुपारी ते झोपले की एकटी शिवते."

"मग सगळंच एकटीनं शिव ना! येतं तुला आता."

"आणि ते काय करतील?"

"बसतील बघत."

"बघतच तर पडले होते," ताई म्हणाली. "तू होतीस ना तेव्हा? पाहिलंस ना?" मी पाहिलं होतं.

तिचा बेत चालला असताही, पण तबेल्यातून तंगाची मागणी आली. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. खोगीर पाठीवर राहतं ते त्याच्या जिवावर. पट्टा बकलाभोवती दुमडून शिवतात, एका टोकाला दोन बकलं, म्हणजे एक गेलं तरी दुसरं धरून ठेवतं. सगळा भार त्या दोन शिवणींवर. भाऊजींनी जाहीर केलं, "तंग मी करणार." ताई म्हणाली, तुम्ही दमता, मी करते, तुम्ही फक्त सांगा. ते म्हणाले, "या दुकानातून माझा हात न लागलेला तंग गेलेला नाही." त्या दिवशी त्यांनी दुपारी डोळा मिटला नाही. दोन्ही शिवणी दोघांनी मिळून घातल्या, आणि ताईनं त्यांना पेलेल तेवढंच ओढलं. शेवटी भाऊजींनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ठीक." त्याच संध्याकाळी शिट्टी तंग खांद्यावर टाकून घेऊन गेली.

पहिला गारठा पडला तेव्हा तबेलेवाला आला. एकटाच आला. त्यानं तंग बाकावर ठेवला. एका बकलाची शिवण पूर्ण उघडी होती, दुसऱ्याचे चार धागे लोंबत होते. त्यानं सांगितलं, नवं घोडं दोन पायांवर उभं राहिलं, पहिलं बकल सुटलं, मग दुसरं, खोगीर फिरून पोटाखाली गेलं आणि पोरगी रिकिबीत पाय अडकून कुंपणापर्यंत फरफटत गेली. जिवंत आहे. पाठीचा कणा गेलाय. कमरेखालचं काही कळत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, पुढेही कळणार नाही.

तबेलेवाल्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मास्तर, माझ्या वडिलांपासून तुमचं सामान घेतो आम्ही."

ताई भिंतीला टेकून उभी होती. "मी ओढलं नाही," ती म्हणाली. "त्यांचा दोष नाही. मी मुद्दाम कमी ओढलं." तबेलेवाल्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तो टोपी हातात घेऊन निघून गेला.

भाऊजींनी डाव्या हातानं तंग जवळ ओढला, मागची बाजू वर केली आणि उघडी भोकं बघत बसले. मग त्याच जड शब्दांत म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" ताईनं विचारलं.

"तू ढिलं सोडतेस ते. पहिल्याच दिवशी कळलं. एवढं अजून कळतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी तंग पालथा करून ठेवला. मग म्हणाले, "बोललो असतो तर तू एकटी शिवायला लागली असतीस."

मला त्यांची मानगूट धरून हलवावंसं वाटलं. झटका आलेल्या माणसाबद्दल असं वाटू नये म्हणतात, मला वाटलं. जन्मभर दुसऱ्याच्या टाक्याला नावं ठेवणाऱ्या माणसानं स्वतःची खुर्ची टिकावी म्हणून हा टाका चालवून घेतला. तो एकटं पडायला घाबरला होता, हेही मला दिसत होतं, आणि त्यामुळे माझा राग तसूभरही कमी झाला नाही. ताई मात्र ओरडली नाही की रडली नाही. तिनं चप्पल घातली आणि दवाखान्यात गेली. मी मागोमाग गेले.

शिट्टी पाठीवर पडलेली होती, कपाळाला पट्टी. ताईला बघून तीच म्हणाली, "काकू, घोडंच बिथरलं हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"शिवण ढिली होती," ताई म्हणाली.

पोरीला आधी समजलंच नाही. मग तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

शिट्टीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढंच तिला फिरवता येत होतं. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ताईनं तबेल्यातून उन्हाळ्यापासूनचं सगळं सामान परत मागवलं. एकदा आरी गेलेल्या भोकातून पुन्हा शिवलं की भोकं रुंदावतात, म्हणून तिनं शिवणीकडचं कातडं कापून टाकलं आणि नवं कातडं घेतलं. चिमट्याची दोरी सोडली, चिमटा गुडघ्यांत धरला आणि शिवायला बसली. मी मेण लावून दोरे देत होते. ती दोन्ही हात खांद्यापासून पसरून इतकी ओढत होती की दोरा बोटांत रुतून कातड्यावर लाल डाग पडत होते.

आतून भाऊजींनी हाक मारली, "अगं, मला उचल."

ताईनं पुढचं भोक पाडलं, सुया घातल्या, ओढलं.

त्यांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. नंतरच्या हाकांत शब्द राहिले नाहीत, नुसता आवाज येत होता. मला बसवेना. मी उठले.

"खाली बस," ताई म्हणाली. "आज तू गेलीस तर उद्या मी जाईन. परवा ते इथे समोर बसलेले असतील, आणि मी परत त्यांना पेलेल तेवढंच ओढेन. मी ओळखते मला."

"ताई, डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय ना?"

"आठवतंय," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि हात चालले होते. मी खाली बसले. काही वेळानं हाका थांबल्या. ताईनं क्षणभर हात थांबवून आतल्या खोलीकडे कान दिला, आणि पुढचा टाका ओढला.